कडक असावं, पण कशाबद्दल?

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात तिथे कुणीतरी जुन्या मास्तरांचा विषय काढला आणि दोन दिवस तेच चाललं. निरगुडीचा फोक, बोटांच्या पेरांवर उभी पट्टी, अंगठे धरून ओणवं उभं राहणं. "त्यांनी बडवलं म्हणून आज आपण इथे आहोत," असं एकाने लिहिलं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवलं. दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय माझ्यासाठी नाही, म्हणून तिथे गप्प राहिले. इथे लिहिते.

त्या ग्रुपवर आम्ही २२ जण आहोत. पहिलीत पन्नासच्या वर होतो. बाकीचे कुठे गेले? माझ्या शेजारी बसणारी मुलगी बाराच्या पाढ्याच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहायची. मग गैरहजेरीचा मार, मग पुन्हा पोटदुखी. तिसरीच्या दिवाळीनंतर ती आलीच नाही. मार खाऊन घडलो असं सांगायला घडलेलेच उरतात. ती या ग्रुपवर नाही.

मीही मारलं आहे. हे लपवून पुढचं काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

१९९३ साली बीड जिल्ह्यात एका वाडीवर नोकरीला लागले. शाळा दोनशिक्षकी, वर्ग चार. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. रुजू झाले त्या दिवशी कपाटाच्या किल्लीबरोबर खडूची पेटी, हजेरीपट आणि छडी अशा तीन वस्तू माझ्या हातात आल्या. छडी त्या सामानातच होती, त्यामुळे ती वापरायची का, हा प्रश्न मला पडलाच नाही. आईबापही म्हणायचे, "चामडी तुमची, हाडं आमची. हाणा बाई, आमी काय बी म्हणणार न्हाई." त्या बोलण्यात माझ्यावरचा विश्वास होता. पण पोराला मार पडल्याशिवाय विद्या येत नाही, ही समजूतही होती आणि ती त्यांच्याही अंगावर वळ उमटवूनच पक्की झाली होती.

त्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. पोरंही बैलगाडीवर बसून जायची. परत आली की वर्ग गुणाकारापर्यंत पोचलेला असायचा आणि ही पोरं वजाबाकीतला हातचा विसरलेली असायची. मी त्यांच्या हातावर पट्टी मारली आहे. उसाच्या फडात पाच महिने काढून आलेल्या सात वर्षांच्या मुलाला मी गणित येत नाही म्हणून मारलं. तो रडलासुद्धा नाही. उत्तर सांगायचं सोडून त्याने दुसरा हात आपणहून पुढे केला. तो पुढे केलेला हात मला आजही झोपेत दिसतो.

आणखी एक प्रसंग. दुपारच्या सुट्टीत माझ्याच वर्गातली पोरं लिंबाखाली शाळा-शाळा खेळत होती. बाई झालेल्या मुलीने आधी काय घेतलं? पुस्तक नाही, खडू नाही. तिने लिंबाची काडी मोडून घेतली. "सात आठे?" म्हणाली आणि समोरचा तोंड उघडायच्या आत सप्‌कन मारलं. मी दारात उभी होते. उत्तरासाठी थांबायचं असतं, हेच त्या मुलीने माझ्याकडून कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतर छडी गेली, पण एका दिवसात नाही. हात शिवशिवायचा. आणि छडी गेल्यावर जीभ जास्त चालू लागली, हे मी फार उशिरा ओळखलं. "ढ" म्हणायचे मी. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजवर ढ या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून जो बदलत नाही तो ढ, अशी त्या शब्दाची गोष्ट सांगतात. सहा वर्षांच्या पोराला आपण सांगतो की तू बदलणारच नाहीस, आणि वरून त्याला शिकवायला उभे राहतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. आमच्या शिक्षकांत बोलणं व्हायचं ते फक्त पहिल्या भागाबद्दल. वर्गासमोर अपमान करणं हा दुसरा भाग, आणि तो आजही सर्रास चालतो. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांच्या छळाबद्दलचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी मार मिळतो असं सांगितलं होतं. टोचून बोलणं त्या आकड्यात धरलेलं नाही.

मग शिक्षकाने कडक असूच नये का? असावं, आणि मी होते. माझ्या वर्गात चपला ओळीतच लागायच्या. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. कुणाच्या अंगावरून, बापाच्या धंद्यावरून, आडनावावरून चिडवायचं नाही. या तीन गोष्टींत सूट नव्हती, सरपंचाच्या नातवालाही नव्हती. पाणी सांडलं तर पुसायचं, कुणाची वही फाडली तर खळ लावून, तिच्याशेजारी बसून चिकटवून द्यायची. पण पाढा चुकला, गृहपाठ राहिला, उशीर झाला, तर आधी कारण विचारायचं. न येणं हा गुन्हा नाही. त्यासाठीच तर शाळा आहे.

आणि खिचडी नाही अडवायची. खेळाचा तास नाही कापायचा. "शंभर वेळा लिहून आण" हेही नको. लिहिणं ही शिक्षा म्हणून द्यायची आणि मग मुलांना लिहायचा कंटाळा येतो म्हणून शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात भाषणं करायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्याकडे ही वाट कुणी दाखवली नव्हती असंही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मुलांना धाक घातला नाही, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. डी.एड.ला मी या शब्दावर दोन मार्कांचं टिपण लिहिलं होतं आणि पाच-सहा वर्षांनी ऊसतोडीच्या पोरांना मारताना तो मला आठवला नव्हता.

आता शिक्षकांच्या बाजूने, कारण ती बाजू माझी आहे. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. तोच कायदा जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतो. प्रत्यक्षात एका खोलीत दोन वर्ग, मोबाइलवर माहिती भरणं, खिचडीचा हिशेब. शांतपणे कारण विचारायला वेळ लागतो, छडीला लागत नाही. ज्याने वेळ द्यायचा त्याचाच वेळ काढून घेतला तर तो ओरडणारच. दुसरीकडे, तक्रारीच्या भीतीने काही तरुण शिक्षकांनी मुलांना काही म्हणायचंच सोडलं आहे. "मला काय करायचंय, बसू दे कसाही." हेही मला मारण्याइतकंच वाईट वाटतं. ज्याच्याकडे कुणीच लक्ष देत नाही ते पोर मागच्या ओळीत बसून चौथी पास होतं आणि त्याला वाचता येत नाही.

शेजारची मुलगी यंदा शिक्षणसेवक म्हणून लागली. दुसऱ्याच आठवड्यात रडत फोन केला, "काकू, पोरं ऐकतच नाहीत. सगळे म्हणतात, एकाला चांगला वाजव, बाकीचे आपोआप गप्प बसतील." मी म्हटलं, महिनाभर एकच नियम धर. एकच. रोज, न चिडता, स्वतःही पाळून. आणि आवाज चढवायच्या ऐवजी उतरवून बघ.

तिने चपलांचा नियम निवडला. परवा भेटले तेव्हा म्हणाली, वर्गात गोंगाट अजून आहेच. पण त्या दिवशी तिलाच उशीर झाला, घाईत तिने चपला उंबऱ्याशी तशाच काढल्या, तर पहिलीतल्या एका पोराने उठून त्या ओळीत लावल्या आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला.