ग्रीसला निघताना ठेपल्यांनी बॅग भरण्याआधी

उन्हाळी सहलींचं बुकिंग सुरू झालं की एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: ग्रीसमध्ये मांस-मासे सोडून काही मिळत नाही, शाकाहारी माणसाने ग्रीक सॅलड आणि ‘मुसाका’ हा वांग्याचा पदार्थ एवढंच मागवावं, डाळ, पालेभाजी विसरा, जेवण गार आणि बेचव असतं, न मागता ब्रेड ठेवून पैसे लावतात, माशांचं भलंमोठं बिल करतात, सगळे लुटारू, बिलासाठी तर अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवतात. म्हणून आठ दिवसांचे ठेपले आणि मॅगी सोबत न्या.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मावशीला घेऊन मी ग्रीसला गेले होते. दोघी शाकाहारी, त्यात मावशीचा चातुर्मास. हाच मेसेज प्रमाण मानून आम्ही एक अख्खी बॅग खाण्याने भरली होती. आईच्या वाट्याचं त्यातलं जवळपास सगळं तसंच परत आलं. म्हणून मला याचं उत्तर द्यायचंच आहे.

पहिला आणि सगळ्यात मोठा दावा, मांस-मासे सोडून काही नसतं. खरं म्हणजे ग्रीक घरातला स्वयंपाक उपासाच्या पायावर उभा आहे. बहुतेक ग्रीक लोक ज्या ख्रिस्ती पंथाचे, त्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात ईस्टरच्या आधीचा मोठा उपास 48 दिवसांचा, नाताळच्या आधीचा 40 दिवसांचा, ऑगस्टमध्ये 1 ते 14 तारखेपर्यंतचा येशूची आई मरिया हिचा उपास, शिवाय बहुतेक सगळे बुधवार आणि शुक्रवार. सगळे धरले तर वर्षाचे निम्मे दिवस भरतात. या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज चालत नाही, आणि काही ठरावीक दिवस सोडले तर मासेही नाहीत. आज सगळेच हे पाळत नाहीत, पण पिढ्यानपिढ्या या दिवसांसाठी रांधलेले पदार्थ रोजच्या जेवणात पक्के बसले आहेत. अशा उपासाच्या पदार्थाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ऑगस्टचा उपास चालू होता आणि इकडे श्रावण. आईला हा योग फार आवडला.

मग प्रवाशाला हे दिसत का नाही? कारण तो चुकीच्या दारातून आत जातो. ‘प्सिस्तारिया’ म्हणजे भाजलेल्या मांसाचं दुकान, ‘प्सारोताव्हेर्ना’ म्हणजे माशांची खानावळ. पर्यटकांच्या रस्त्यावर याच दोन्हींची गर्दी. शोधायची ती ‘मायिरिओ’ नावाची जागा. तिथे सकाळी रांधलेल्या पदार्थांचे मोठे ट्रे काचेआड मांडलेले असतात आणि बोट दाखवून मागता येतं.

अथेन्समध्ये अथिनास रस्त्यावर वारवाकिओस नावाचा मोठा बाजार आहे. तिथून जवळच अशा एका खानावळीत आम्ही दुपारी दोनच्या सुमारास शिरलो. काचेमागे आठ-दहा ट्रे होते. आईची नजर गेली ती भेंडीवर. अख्खी, बोटाच्या पेराएवढी, देठ शंकूसारखं तासलेलं, टोमॅटोच्या रश्श्यात निवांत पहुडलेली. ‘बामियेस’. चिकट नव्हती. विचारल्यावर खानावळीच्या बाईंनी खुणांनी समजावलं: व्हिनेगर शिंपडायचं, मीठ लावायचं आणि उन्हात ठेवायची. आई म्हणाली, ‘‘अगं, आपण आमसूल घालतो, तेच की!’’ शेजारच्या ट्रेमध्ये फरसबी, त्यापुढे बटाटा-वांगं-दुधीच्या जातीची भाजी एकत्र भाजलेलं ‘ब्रियाम’, मग भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. या सगळ्या तेलावर शिजवलेल्या भाज्यांना मिळून ‘लादेरा’ म्हणतात. हा एक शब्द पाठ असला तरी आठ दिवस निघतात.

भरलेल्या टोमॅटोंना ‘येमिस्ता’ म्हणतात. त्यात कधी खिमा असतो, कधी नुसता भात. नुसता भात असलेल्यांना ‘ओर्फाना’ म्हणजे पोरके म्हणतात, आणि द्राक्षाच्या पानांत नुसता भात गुंडाळला तर ‘यालान्जी’, म्हणजे खोटारडे. मागवताना हे दोन शब्द वापरले की समोरच्याला लगेच कळतं.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘निस्तीसिमो’ म्हणजे शाकाहारी नव्हे. ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी, शिंपल्या यांत रक्त नाही अशी समजूत असल्यामुळे त्या उपासाला चालतात. त्यामुळे ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, समुद्रातलं काही नको, असं तिन्ही सांगायचं.

‘डाळ, पालेभाजी विसरा’ हे वाक्य तर मला सगळ्यात जास्त खटकलं. सांतोरिनी बेटावर ‘फावा’ मिळते. नावावरून फावा बीन, म्हणजे बाकला, वाटेल, पण ती एक पिवळी डाळ घट्ट शिजवून घोटलेली असते, वर कच्चा कांदा, केपरच्या खारवलेल्या कळ्या आणि ऑलिव्ह तेल. ही डाळ आपल्याकडे विदर्भात होणाऱ्या लाखोळीच्याच कुळातली, आणि सांतोरिनीच्या फावाला युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. बिनफोडणीचं घट्ट वरण खाणाऱ्याला ती पहिल्या घासाला ओळखीची वाटते. पांढऱ्या घेवड्याचं सूप ‘फासोलादा’ याला तर अनेक ग्रीक आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणतात. सिफनोस बेटावर शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात काबुली चणे, कांदा, तेल आणि तमालपत्र घालून भांडी लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रात्रभर मंद आचेवर चणे शिजतात आणि रविवारी चर्चहून आल्यावर खाल्ले जातात. ही ‘रेवीथादा’.

पालेभाज्यांचं म्हणाल तर ‘होर्ता’ म्हणजे उकडलेला पाला, वर तेल आणि लिंबू. हिवाळ्यात रानातला कडसर पाला, उन्हाळ्यात ‘व्लीता’. व्लीता म्हणजे आपल्या माठाच्याच घरातली भाजी. सॅलडमध्ये कधी कधी ‘ग्लिस्त्रिदा’ येते. तिची जाड, आंबट पानं मावशीने चिमटीत धरली आणि म्हणाली, ‘‘ही तर घोळ!’’ खरोखरच ती घोळ होती. पुण्यात भाजीवालीकडे आता ती क्वचित दिसते.

मुसाक्याचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे, आणि तो मानणाऱ्याचं व्रत मोडेल. मुसाक्यात वांगं असतं हे खरं, पण त्याच्या थरांमध्ये खिमा असतो. वरचा पांढऱ्या सॉसचा जाड थर निकोलाओस त्सेलेमेन्देस या प्रसिद्ध आचाऱ्याने 1920 च्या दशकात रूढ केला. वांगंच खायचं असेल तर ‘इमाम बायल्दी’ मागवावं. त्यात कांदा, टोमॅटो आणि लसूण भरलेला असतो.

आता गार आणि बेचव. लादेरा कोमटच वाढतात. ते शिळं नसतं, सकाळी केलेलं असतं, आणि तेल, टोमॅटो, भाजी एकमेकांत मुरावीत म्हणून थांबवलेलं असतं. वालाची उसळ दुपारपेक्षा रात्री जास्त छान लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात खोट काढता येणार नाही. तिखट नसतं, हे मान्य. ओरेगानो, शेपू, पुदिना, लिंबू आणि कधी टोमॅटोत दालचिनी, यांची चव हळू लागते. झणका हवाच असेल तर ‘बूकोवो’ मागा, ती सुक्या लाल मिरचीची भरड असते. शेंगदाण्याची चटणी न्यायलाही माझी हरकत नाही.

ब्रेडचे पैसे लावतात. ती तिथली रीत आहे, ‘कुवेर’ म्हणून मेन्यूवर छापलेली असते आणि माणशी साधारण एका युरोच्या आसपास जाते. नको असेल तर टोपली येताच परत करायची, कुणी रागावत नाही. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, जग मागितला की देतात. अनेक बेटांवर मात्र बाटली घ्यावी लागते. माशांच्या भल्यामोठ्या बिलाचं कारण असं की ताज्या माशाचा भाव किलोवर लिहिलेला असतो. आधी वजन करून दाखवायला सांगायचं. आणि प्रत्येक खानावळीत एक सूचना असते: पावती मिळाली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचं बंधन नाही. ज्या देशात हे भिंतीवर लिहिलेलं आहे, तिथल्या झाडून सगळ्यांना लुटारू ठरवणं मला पटत नाही.

वेळेचं गणित मात्र जमवावं लागतं. ग्रीक माणूस रात्री नऊ-साडेनवाला जेवायला बसतो, आणि मायिरिओ बहुतेक संध्याकाळपर्यंत बंद होतात. सातला जेवायला निघणाऱ्याला उघडं दिसतं ते पर्यटकांचं भाजलेल्या मांसाचं दुकान, आणि मग तो तसा मेसेज लिहितो. आई आणि मी दुपारी भरपेट जेवायचो आणि रात्री पालकाची ‘स्पानाकोपिता’ किंवा दही-मध.

मावशीच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा ठरला. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर लादेरा बहुतेक सगळं हातचं जातं. तिला होर्ता, उकडलेला बटाटा, दही, फळं यांवर भागवावं लागलं आणि ठेपले तिच्याच कामी आले. फेटा चीजमध्येही परंपरेने कोकराच्या किंवा करडाच्या जठरातलं विरजण असतं, त्यामुळे तेही तिने टाळलं. असं कडक पाळणाऱ्यांनी सोबत जरूर न्यावं.

राहिलं बिल. न मागता ते आणणं म्हणजे पाहुण्याला ‘उठा आता’ म्हणणं, असं तिथे मानतात. ‘तो लोगारियाझ्मो, पाराकालो’ एवढं म्हणावं लागतं. त्या दुपारी मी ते म्हटलं, तेव्हा बाई बिलाच्या आधी कलिंगडाच्या फोडी घेऊन आल्या. आम्ही मागवलं नाही म्हणून मी हात हलवला, तर त्यांनी मावशीकडे बोट दाखवून ताटली तिच्यासमोर सरकवली. मघापासून मावशी नुसता पालाच खातेय, हे त्यांनी पाहिलं होतं.