सातशे घोडे आणि एक साडू

साडू हे नातं देवानं केवळ तुलनेसाठी निर्माण केलं, असं माझं जुनं मत आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्याला टाळता येतं. साडूचं काय करणार? एकाच सासऱ्याचे दोन जावई म्हणजे एकाच परीक्षेला बसलेले दोन विद्यार्थी, आणि निकाल दर रविवारी सासूबाईंच्या व्हिडिओ कॉलवर.

माझे साडू सुधीरराव डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतात, आमच्यापासून वीस मिनिटांवर. माझी गाडी अकरा वर्षांची हायब्रिड सेडान. ती सिग्नलला थांबली की बंद पडल्यासारखी गप्प होते, आणि मला त्याचा अभिमान आहे. सुधीररावांनी मात्र एक मसल कार घेतली. सातशेच्या वर अश्वशक्ती, आठ सिलिंडर, वर इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि मागच्या सीटवर जागा एका पिशवीपुरती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे ते सगळं माझ्या मत्सरातून आलेलं आहे, त्यात कंपनीचा दोष नाही.

ती त्यांनी घेतली त्या सुमारास मोठ्या इंजिनांचे दिवस भरत आले होते. २०२३च्या शेवटी चॅलेंजर या मसल कारचं उत्पादन थांबलं, त्याच सुमारास तिच्या प्रतिस्पर्धी कमॅरोचंही. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ या हाकेनं चांगली चांगली माणसं शोरूममध्ये धावली. अमेरिकेत १९५८च्या कायद्यानं नव्या गाडीच्या काचेवर कंपनीनं सुचवलेली किंमत चिकटवावी लागते. त्या कागदाच्या शेजारी विक्रेत्यानं आपला दुसरा कागद लावला होता: ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’. म्हणजे कंपनी काही म्हणो, आम्हाला इतके हजार वर हवेत. सुधीररावांनी दोन्ही कागद भरले. किती भरले, ते आजतागायत सांगितलेलं नाही. ताईलाही.

त्याऐवजी ते इतिहास सांगतात. पहिला घास घेतला की सुरुवात होते, आणि ती नेहमी एकाच सालापासून. “१९६४! त्या काळी जनरल मोटर्सचा नियम होता बरं का, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. मग त्यांच्याच पाँटिअ‍ॅक शाखेच्या डीलॉरियन या इंजिनियरनं आणि त्याच्या माणसांनी काय केलं?” काय केलं ते आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन ‘टेम्पेस्ट’ गाडीचा जादा पर्याय म्हणून आणलं, नाव दिलं जीटीओ. नियम नव्या मॉडेलला होता, पर्यायाला नव्हता. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ असं वाटत होतं, पहिल्या वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. “आणि हा पर्याय केवढ्याला? जेमतेम तीनशे डॉलर!” असं म्हणून ते माझ्याकडे बघतात, जणू मीच तेव्हा घेतला नाही.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दोघं तीन आठवड्यांसाठी भारतात निघाली आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली.

“बॅटरी उतरायला नको. दोन दिवसांआड एक चक्कर मारा. तुमच्याशिवाय कुणावर विश्वास आहे?”

या वाक्यानं मी विरघळलो. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्रश्न आमच्या दारातच आला. आमचा ड्राइव्हवे रस्त्याला मिळतो तिथे एक खळगा आहे. माझी सेडान त्यावरून इतकी वर्षं निमूट जाते. या गाडीची हनुवटी मात्र जमिनीपासून चार बोटांवर. सरळ उतरवली तर घासणार, म्हणून तिरकी उतरवायची. बायको रस्त्यात उभी राहून एसटीच्या कंडक्टरसारखी हात हलवत होती. “येऊ द्या, येऊ द्या... थांबा! डावं चाक आधी!” शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन बाहेर आले. एवढी महागडी गाडी रस्त्यावर यायला सहा मिनिटं लागली.

दुसरा प्रश्न सकाळचा. इंजिन थंड असताना सुरू केलं की एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटलिस्ट लवकर तापावा म्हणून ते मुद्दाम जास्त फेऱ्यांवर चालतं. शास्त्र बरोबर आहे. पण सकाळी साडेसहाला, बंद गॅरेजमध्ये, हे शास्त्र अंगावर येतं. वर झोपलेला आमचा मुलगा, जो गजराच्या चार हाकांना ओ देत नाही, तो आपण होऊन खाली आला.

तिसरा प्रश्न पेट्रोलचा. हिला साधं चालत नाही, महागातलं प्रीमियमच लागतं, आणि ते ही उसाच्या रसासारखं पिते. इथे मला एक कर आठवतो. १९७८च्या कायद्यानं, गॅलनमागे साडेबावीस मैलांपेक्षा कमी चालणाऱ्या नव्या कारवर ‘गॅस गझलर’ कर लागतो, हजार डॉलरपासून सात हजार सातशेपर्यंत. खादाडपणाचा दंडच म्हणा. गंमत अशी की तो फक्त कारला आहे. शेजारच्या आजोबांचा पिकअप ट्रक आमच्या स्वयंपाकघराएवढा आहे, त्यात ते एकटे बसून दाढीचा साबण आणायला जातात, आणि ट्रकला हा कर नाही. सुधीररावांची बाजू घेण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते. ही त्यातली एक.

किराणा आणायचा तर मागे जागा नाही, म्हणून तांदळाची पोती शेजारच्या सीटवर बसवली. लगेच पट्ट्याची घंटा वाजायला लागली. पोत्याला पट्टा बांधला. तेव्हा मला २०१८ची डॉज डीमन आठवली. वजन वाचवायला त्या गाडीत शेजारची आणि मागची सीट मुळातच नव्हती. हवी असेल त्यानं सांगायचं, शेजारची सीट मिळेल, जादा किंमत एक डॉलर. शर्यतीचं इंधन घातलं की तिचे घोडे ८४०. म्हणजे या धंद्यात घोड्यांचे हजारो मोजायचे आणि बायकोच्या जागेचा एक डॉलर. हे मी घरी बोलून दाखवलं. दाखवायला नको होतं.

आता मूळ प्रश्न: एवढ्या किमतीचं या गाडीत आहे काय? सुधीरराव आकडा सांगत नाहीत, म्हणून मी जगजाहीर आकडे घेऊन लॅपटॉपवर तक्ता मांडला. २०२० सालची मस्टँग जीटी: ४६० घोडे, सुमारे ३५,६०० डॉलर. एका घोड्याला ७७ डॉलर पडले. त्याच वर्षीची, मस्टँगचीच थोरली बहीण शेल्बी जीटी५००: ७६० घोडे, ७२,९०० डॉलर. घोड्याला ९६. आणि इथंच घोडं पेंड खातं. जीटीवरून जीटी५००वर जाताना मिळतात ३०० जादा घोडे आणि लागतात ३७,३०० जादा डॉलर. म्हणजे त्या वरच्या प्रत्येक घोड्याला १२४! जगात कुठलीही वस्तू घाऊक घेतली की स्वस्त पडते. घोडे तेवढे उलटे.

बरं, ते धावणार कुठे? आमच्या महामार्गावर मर्यादा सत्तर मैलांची. नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं, तेव्हा ही गाडी एप्रिलपर्यंत गोधडीखाली झोपते. आणि सगळ्यात मोठा मुद्दा, जो मी आठवडाभराच्या फेऱ्यांनंतर बायकोपुढे ठेवला: ती पळतच नाही. पाय दाबला की आवाज करते, थोडी रेंगाळते, आणि माझ्या हायब्रिडपेक्षा जराशी बरी निघते. सातशे घोडे म्हणे! यातले सहाशे वरातीमागून येत असावेत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तक्त्याखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं: नाही.

एवढ्या समाधानानं मी बऱ्याच दिवसांत झोपलो नव्हतो.

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला. त्या दिवशी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ‘ड्रीम क्रूझ’ असते, १९९५पासून. हा साधासुधा रस्ता नाही. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा केला, तो देशातला पहिला म्हणतात. साठच्या दशकात कंपन्यांचे इंजिनियर रात्री याच रस्त्यावर आपल्या नव्या गाड्या चोरून पळवून बघायचे. आता हजारो जुन्या गाड्या येतात आणि मुंगीच्या वेगानं सरकतात, दोन्ही बाजूंना माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. दोन दिवसांआडची चक्कर तशीही मारायचीच होती, म्हणून आम्ही गेलो.

आणि मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं दिसलं. अकरा वर्षांत माझ्या हायब्रिडकडे बघून या देशातला एकही माणूस माझ्याशी बोललेला नाही. इथे पाच मिनिटांत चौघं बोलले. एका बाईंनी अंगठा दाखवला. एका पोरानं मुठी वळून रेस करायची खूण केली. मी गाडी न्यूट्रलला टाकून पाय दाबला. काटा अर्ध्यावर गेला आणि तिथेच फुरफुरत अडला. पोराचा चेहरा पडला.

खुर्चीत बसलेला एक म्हातारा उठून खिडकीशी आला. अंगात जुना टी-शर्ट, हातात आइस्क्रीम. त्यानं बॉनेटकडे कान केला, डॉक्टर छातीला लावतो तसा.

“वॅले मोड काढायला विसरलास का रे बाळा?”

वॅले मोड म्हणजे हॉटेलच्या दारात गाडी परक्या पोऱ्याच्या हाती देताना लावायची सोय. इंजिनाची ताकद निम्म्याखाली, फेऱ्यांना मर्यादा, आणि चार आकड्यांचा पिन घातल्याशिवाय निघत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा ‘व्ही’ होता खरा. आठवडाभर मी तो आठ सिलिंडरांच्या ‘व्ही-एट’ इंजिनाचा समजत होतो.

“तुमच्याशिवाय कुणावर विश्वास आहे?” घोड्यांच्या तोंडाला मुसकं बांधून माझ्या दावणीला आणून सोडले होते!

घरी येऊन दोघं गॅरेजमध्ये गाडीत बसलो. खरं तर सुधीररावांना फोन करता आला असता. पण मग मला कळलं हे त्यांना कळलं असतं. बायको म्हणाली, “ताईचा वाढदिवस घाला.” नाही. लग्नाची तारीख घातली. नाही. “ती दाजींना माहीतच नसणार,” ही म्हणाली. मी तिसरा प्रयत्न करणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

“थांबा. जेवताना ते दर वेळी कुठून सुरू करतात?”

एक, नऊ, सहा, चार. ‘व्ही’ गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ते रिकामे असताना, आम्ही महामार्गावर चढायच्या एका लांब, सरळ रॅम्पवर गेलो. पुढे-मागे कुणी नव्हतं. मी पाय दाबला, आणि पुढचं मला नीट सांगता येणार नाही. आधी मागून कुणीतरी ढकललं. मग पोट सीटमध्ये राहिलं आणि बाकीचा मी पुढे गेलो. सुपरचार्जरची शीळ, खाली आठ सिलिंडरांचा गडगडाट, आणि हसण्याचा एक आवाज, जो माझा होता. साठ झाले, मी पाय काढला, सत्तरच्या आत सभ्य माणसासारखा रांगेला लागलो. सगळे मिळून चार-साडेचार सेकंद.

बायको काही बोलली नाही. हातातली पर्स घट्ट धरून समोर बघत होती. मला वाटलं, घाबरली. दोन मैलांनी ती म्हणाली, “पुढच्या एक्झिटला वळा.”

“का गं? बरं वाटत नाही?”

“परत त्या रॅम्पवर जायचंय.”

त्या सकाळी आम्ही पाच वेळा महामार्गावर चढलो. लॅपटॉप उघडून मी तक्त्यात ‘आनंद’ असा रकाना घातला, त्याला सेकंदानं भागावं की डॉलरनं, ते ठरेना. शेवटी बदल जतन न करताच बंद केला.

सुधीरराव परत आले त्या दिवशी गाडी धुतलेली होती, टाकी प्रीमियमनं भरलेली होती, वॅले मोड जागच्या जागी होता. चहा झाला, गुडघ्याची चौकशी झाली.

“मग, कशी वाटली?”

“ठीक आहे,” मी म्हणालो. “आवाज करते जरा.”

ते मंद हसले. ज्या माणसाला पिन माहीत असतो त्याचं ते हसू होतं. खाली जाऊन गाडीत बसले, आणि बराच वेळ निघालेच नाहीत. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. या गाड्यांना एक खोड असते, ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. शून्य ते साठची सर्वांत चांगली वेळ त्या आपण होऊन पडद्यावर नोंदवून ठेवतात.

सुधीरराव न बोलता गेले. रात्री दहाला फोन वाजला. मी माफीची जुळवाजुळव करतच उचलला.

“४.२?” पलीकडून आवाज आला. “मला कधी ४.४च्या खाली जमलेली नाही.”

मी गप्प.

बराच वेळ तेही गप्प. मग घसा खाकरून, आवाज खाली आणून, बहुधा ताईला ऐकू जाऊ नये म्हणून, त्यांनी विचारलं, “तो रॅम्प नक्की कुठला हो?”