बोली न लागता ठरलेली किंमत

आयपीएलचा लिलाव आटोपला की आपल्याकडे पुढचे काही महिने एकच हिशोब चालतो : अमक्याचे पैसे वसूल झाले का? कोलकात्याने मिचेल स्टार्कला 24.75 कोटींना घेतलं आणि 2024च्या पहिल्या दोन सामन्यांत त्याला एकही बळी मिळाला नाही, तेव्हा त्याच्या एकेका चेंडूची किंमत काढणं सुरू झालं. पुढे त्याच स्टार्कने पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यात सामनावीराचा मान घेतला. मग मात्र त्या भागाकाराचा कुणाला पत्ता नव्हता.

इकडे अमेरिकेत हेच भांडण एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टवरून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीवरून होतं, पण इथे बोली लागत नाही. मागच्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड, मग क्रमाने बाकीचे. कॉलेजातून आलेल्या पोराला संघ निवडण्याची मुभा नाही आणि लीग आणि खेळाडू संघटनेतल्या 2011च्या सामूहिक करारापासून पगारही निवडीच्या क्रमांकावरूनच ठरतो. 2022 साली जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी ट्रेव्हॉन वॉकर हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीत कडेला उभा राहणारा गडी, पहिल्या क्रमांकावर उचलला, आणि चार वर्षांचे सुमारे 3 कोटी 74 लाख डॉलर त्या क्रमांकासोबतच आले. त्या जागेवर दुसरा कुणीही आला असता तरी आकडा जवळपास तोच. म्हणून ड्राफ्टमध्ये पैशांचा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते हे, की त्या क्षणी हाताशी आणखी कोण होतं?

हाताशी होता मिशिगन विद्यापीठाचा एडन हचिन्सन, तोही एंडच. दुसऱ्याच क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सनी त्याला घेतला.

कॉलेजच्या शेवटच्या हंगामात हचिन्सनचे 14 सॅक होते, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून तो सुटायच्या आत त्याला मागेच आडवं करणं. जॉर्जिया विद्यापीठाच्या वॉकरचे त्याच हंगामात 6. मग वॉकर आधी का? कारण अंगयष्टी. उंची 6 फूट 5 इंच, वजन 272 पौंड म्हणजे सुमारे 123 किलो, आणि या देहाने तो 40 यार्ड 4.51 सेकंदांत धावला. हाताची लांबी साडेपस्तीस इंच. हचिन्सनची जेमतेम 32. लांब हाताचा एंड समोरच्या टॅकलच्या, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या गड्याच्या, छातीवर आधी पंजा टेकवतो आणि त्याला स्वतःपासून दूर ठेवतो, ही या खेळातली मूळ झटापट. पण ड्राफ्टआधीच्या त्याच चाचण्यांत तीन शंकूंभोवती वळून पळायची एक चाचणी असते. तीत हचिन्सन 6.73 सेकंद, वॉकर 6.89. सरळ रेषेत वॉकर वेगवान, वळणावर हचिन्सन. आणि टॅकलच्या बाहेरून क्वार्टरबॅककडे जाणारा रस्ता सरळ नसतो.

वॉकरचे सॅक कमी का होते याचं एक रास्त कारणही होतं. जॉर्जियाचा बचाव त्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या संघाचा होता, त्यातले पाच जण पहिल्याच फेरीत गेले. अशा बचावात वॉकरला अनेकदा आतल्या बाजूला उभं करून काम दिलं जाई ते समोरच्याला धरून ठेवायचं, चेंडू घेऊन धावणाऱ्याची वाट बुजवायची. चेंडू निघताच क्वार्टरबॅकवर झेपावण्याची मुभा कमी. पण या सबबीला मर्यादा आहे. काम वेगळं होतं म्हणून आकडा कमी आला, इतकंच त्यातून कळतं. काम बदललं तर आकडा वाढेल, हा त्यापुढचा अंदाज. जॅग्वार्सनी पहिली निवड या अंदाजावर लावली.

कबड्डी पाहणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. कोपरारक्षकाचं मोल फक्त पकडींवर ठरवलं तर ज्याच्या बाजूला चढाईपटू फिरकतच नाही तो कोपरा कागदावर निकामी दिसेल. पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी मोहम्मदरेझा शादलूला 2.35 कोटींना घेतलं तेव्हा बचावपटूला एवढे कशाला, असा सूर आपल्याकडेही निघू शकत होता. पलटण त्या हंगामात विजेती ठरली. सॅकचं तसंच आहे. तो पकडीसारखा मोजायला सोपा, पण एकटा पुरेसा नाही.

मग पाहायचं काय? आधी एंडने क्वार्टरबॅकवर धाव घेतलेले एकूण डाव (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एकेक तुकडा) मोजायचे. त्यातल्या किती डावांत त्याने दबाव आणला, म्हणजे सॅक केला, फेकताना धडक दिली किंवा घाईने फेकायला लावलं, ते काढायचं. शेकडा दहा ठीक, बारा-तेरा चांगलं, पंधराच्या वर गेला तर तो वरच्या दर्जाचा. दबाव हंगामागणिक बऱ्यापैकी स्थिर राहतो, सॅक उड्या मारतात. कारण सॅक होण्यात क्वार्टरबॅकने चेंडू किती वेळ धरला आणि मागच्या बचावपटूंनी झेलणाऱ्यांना किती वेळ झाकलं याचाही वाटा असतो. क्वार्टरबॅक साधारण अडीच ते तीन सेकंदांत चेंडू सोडतो, तेव्हा पहिलं पाऊल उशिरा पडलं की पुढचं सगळं फुकट.

नंतर चित्रफीत. प्रत्येक सॅक वेगळा पाहायचा : टॅकलला हरवून मिळाला, की कुणी अडवलंच नव्हतं, की क्वार्टरबॅक दुसऱ्यापासून पळत याच्या मिठीत आला? दहातले चार असे आयते असतील तर दहा हा आकडा फुगलेला. पहिली चाल अडल्यावर दुसरी आहे का, हेही तिथेच दिसतं. वॉकरचं पहिल्या वर्षी नेमकं इथे अडलं. लांब हात टेकवून टॅकलला मागे रेटायची त्याची चाल जोरदार होती, पण टॅकलने बूड खाली बसवून तो रेटा झेलला की वॉकर तिथेच थांबे. हात झटकून आत शिरणं किंवा खांदा पाडून बाहेरून वळणं, हे त्याच्या हाताशी तयार नव्हतं. शिवाय त्या वर्षी त्याला उभं राहून बाहेरच्या लाइनबॅकरसारखं (पहिल्या फळीमागचा बचावपटू) खेळवलं गेलं, अधूनमधून मागे जाऊन झेलणाऱ्यांना झाकायलाही लावलं. पदार्पणाच्या सामन्यातच त्याने एक सॅक आणि एक इंटरसेप्शन (समोरच्याने फेकलेला चेंडू मधेच झेलणं) मिळवलं, लोक हरखले, आणि हंगामाअखेर सॅकचा आकडा साडेतीनवर राहिला.

पुढच्या दोन हंगामांत 10 आणि साडेदहा. म्हणजे पोरगं वाया गेलं नाही, हे मान्य करायला हवं. जॅग्वार्सच्याच फळीत दुसऱ्या कडेला जॉश हाइन्स-ॲलन होता, ज्याने 2023मध्ये साडेसतरा सॅक केले. दोन-दोन जणांची अडवणूक बरेचदा त्याच्या वाट्याला गेली आणि वॉकरला एकास एक लढती जास्त मिळाल्या. आकडा वाचताना एवढी वजावट करावी लागते.

आता हचिन्सन. पहिल्या तीन हंगामांत साडेनऊ, साडेअकरा आणि साडेसात, आणि हे शेवटचे साडेसात फक्त पाच सामन्यांत. ऑक्टोबर 2024मध्ये डॅलसविरुद्ध नडगीची हाडं मोडली म्हणून तो हंगाम तिथेच संपला. बेरीज 39 सामन्यांत साडेअठ्ठावीस. वॉकरची 49 सामन्यांत 24. आणि हचिन्सनवर दोघे धावून येत असताना त्याच्या जोडीला हाइन्स-ॲलनसारखा कुणी नव्हता.

संघ निवडींची अदलाबदल करताना अजूनही डॅलसचे जुने प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळचा, प्रत्येक निवडीला गुण देणारा तक्ता आठवतात. त्यात पहिली निवड 3000 गुणांची, दुसरी 2600 ची. मधले 400 गुण म्हणजे त्याच तक्त्यातली 50वी निवड, दुसऱ्या फेरीतला एक बरा खेळाडू. पहिली निवड खर्च करून दुसऱ्या निवडीपेक्षा कमी मिळालं, तर तोटा त्या 400 गुणांचा आणि वर दोन खेळाडूंमधल्या फरकाचा. माझ्या मते वॉकर पहिल्या फेरीच्या मध्याला गेला असता तर उत्तम निवड म्हणून मिरवला असता. पहिल्या क्रमांकाला तो उतरत नाही. ही चूक त्याची नाही, निवडणाऱ्यांची.

आपल्याकडे आणि इकडे दोन्हीकडे बिल फाडलं जातं ते मात्र खेळाडूच्या नावावर. ह्यूस्टनने 2006मध्ये मारिओ विल्यम्सला पहिला घेतला, रेजी बुशला सोडून. पहिल्या वर्षी साडेचार सॅक झाल्यावर संघाची टर उडाली. पुढच्या दोन वर्षांत 14 आणि 12. उलट 2000 सालचा पहिला क्रमांक, क्लीव्हलंडचा कोर्टनी ब्राउन, सगळ्या कारकिर्दीत 19 वर थांबला. 2014 सालचा पहिला क्रमांक जडेव्हियन क्लाउनी याने तर एकाही हंगामात दोन आकडी सॅक गाठले नाहीत, तरी धावणाऱ्याला कडेने निसटू न देण्याच्या जोरावर ‘प्रो बोल’ या हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सन्मानासाठी तीनदा निवडला गेला. पहिल्या वर्षावरून यांतलं काहीच ओळखता आलं नसतं. म्हणून तिसरा हंगाम संपेपर्यंत थांबावं. संघालाही चार वर्षांचा करार एका वर्षाने वाढवणारा पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही ते तेव्हाच ठरवावं लागतं, आणि जॅग्वार्सनी 2025मध्ये वॉकरसाठी तो वापरला.

हचिन्सनला डेट्रॉइटने ऑक्टोबर 2025मध्ये चार वर्षांचा 18 कोटी डॉलरचा नवा करार दिला. एका वर्षाचे साडेचार कोटी, म्हणजे ड्राफ्टमुळे मिळालेल्या चारही वर्षांच्या रकमेपेक्षा जास्त. खरी बोली इथे लागते. वॉकरचा भावही या दुसऱ्या कराराच्या वेळी दबावाच्या टक्क्यावर, एकास एक जिंकलेल्या लढतींवर आणि धावणाऱ्याला कडेवर रोखण्यावर काढायला हवा. लास व्हेगसमध्ये 2022च्या एप्रिलमध्ये त्याचं नाव सगळ्यांत आधी पुकारलं गेलं, याचा त्या हिशोबात एक डॉलरही धरू नये.