कंट्रोलर मांडीवर ठेवून बघायच्या गोष्टी

‘स्टोरी काय कडक आहे, अगदी सिनेमाच!’ अशी एखाद्या गेमची तारीफ ऐकली की मला हटकून शंका येते. कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेला नुसता बघायचा प्रसंग, सुरू झाला की कंट्रोलर मांडीवर जातो आणि आपण प्रेक्षक होतो. मग गेमने स्वतःचं असं काय केलं?

२०१३ साली आलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ची स्टोरी लिहून काढायला बसलात तर पानभरही होणार नाही. हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही तपासनीस. पासपोर्ट बघायचा, शिक्का मारायचा, पुढचा बोलवायचा. जितकी माणसं तपासाल तितके पैसे, आणि त्यातूनच रात्री घरभाडं, जेवण, हीटिंग. एक जण येतो, कागद चोख. जाताना म्हणतो, मागून बायको येतेय, जरा सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. सोडलं तर वरून चूक झाल्याची चिठ्ठी येणार; दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. इथे अश्रूंचा क्लोज-अप वगैरे काही नाही. पण शिक्का माझ्या हातात असतो आणि आज ताकिदी किती झाल्या, हे मी मनात मोजत असतो. दयेचा असा हिशोब एखादी कादंबरी उत्तम रंगवेल, पण तो वाचकाकडून करवून कसा घेणार?

त्याच वर्षीचा ‘ब्रदर्स’. (इथून पुढे स्पॉयलर, खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) कंट्रोलरची डावी बाजू मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची. आई बुडून गेलेली, म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो आणि मोठ्याच्या पाठीवर बसूनच पाणी ओलांडतो. मोठा मरतो. पुढे पुन्हा पाणी आडवं येतं, धाकटा काठावर अडतो. त्याचं बटण कितीही दाबा, उपयोग नाही. इतका वेळ निकामी पडलेलं मोठ्या भावाचं बटण दाबलं, की तो पोहायला लागतो. एक शब्द न बोलता! आणि यातली भाषाही बनावट आहे बरं का, तिचा अर्थ कुणालाच लागत नाही.

याउलट ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. लेखन अव्वल, त्याचा नायक आर्थर मॉर्गन तर विसरता येत नाही. पण मिशनमध्ये ठरलेली वाट सोडून जरा स्वतःचं डोकं चालवा, लगेच ‘मिशन फेल’. एवढं मोकळं जग उभारायचं आणि गोष्ट सांगताना मात्र खेळाडूचं बोट धरून चालवायचं, हे मला तरी पटत नाही.

म्हणजे शब्दबंबाळ गेम वाईट का? मुळीच नाही. ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) जवळपास सगळा वाचायचाच आहे. पण त्यात नायक असलेल्या पोलिसाची २४ कौशल्यं त्याच्या डोक्यात बसून बडबडतात, एकमेकांना खोडून काढतात, कधी चक्क चुकीचा सल्ला देतात, आणि फासे पडल्याशिवाय काही खरं नसतं. अगदी सुरुवातीलाच पंख्याला अडकलेला टाय काढताना हार्ट अटॅकने मरता येतं. दारूने हा पोलीस किती पोखरलाय, हे कुठलंही पात्र सांगायच्या आत गेम ओव्हर!