इंग्रजी शब्दांचे नुसते अर्थ पाठ करून घेणं बंद करा!

"से म्हणजे सांगणे, टेल म्हणजे सांगणे." एवढ्यावर गाइडवाले मोकळे! मग पोरगं 'ही सेड मी' लिहितं आणि वहीत लाल फुली. का चुकलं? कुणी सांगतच नाही! अहो, टेलच्या मागोमाग थेट ऐकणारा येतो, 'ही टोल्ड मी'. सेला मात्र 'टू' लागतो, 'ही सेड टू मी'. एका मिनिटाचं काम आहे हे!

बघणंच घ्या. टीव्ही वॉच करायचा, फळ्याकडे लुक ॲट, डॉक्टरला सी. करणंही तसंच: चूक मेक होते, गृहपाठ डू होतो. अशा जोड्या वाक्यातूनच शिकवायला नकोत? बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं; त्यांची गल्लत झाली तर देणारा आणि घेणाराच उलटे होतात! आणि लाय-ले? आडवं होणं म्हणजे 'लाय', त्याचा भूतकाळ 'ले'. वस्तू ठेवणं, तेही 'ले'! हे पोरांनी आपलं आपण ओळखायचं?

२००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. अजूनही शब्दार्थांची यादीच? फुली मारायला वेळ मिळतो, मग शेजारी एक बरोबर वाक्य लिहायला का मिळत नाही?