'द ग्लोरी' सूड शिकवते हे मला पटत नाही

एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे तीन ग्रुपवर आला, की 'द ग्लोरी' ही कोरियन सिरीज पोरांना सूड घ्यायला शिकवते, शाळेतल्या चिडवाचिडवीचा उगाच बाऊ करते, आणि त्या हिरॉईनने वेळीच कुणाला सांगितलं असतं, माफ करून पुढे गेली असती तर एवढं रामायण झालंच नसतं. मी सोळाच्या सोळा एपिसोड बघितलेत आणि यातलं काहीच पटलं नाही.

आधी ते "सांगायचं ना कुणाला तरी" घेते, कारण त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. अहो सांगितलं की तिने! पहिलाच एपिसोड बघा. मून डोंग-उन, म्हणजे ती हिरॉईन, पोलिसांपर्यंत जाते, काही होत नाही. शाळेतल्या नर्सबाई तेवढ्या तिची बाजू घेतात. शेवटी शाळा सोडायच्या अर्जात कारण म्हणून ती छळणाऱ्यांची नावं लिहिते, तर वर्गशिक्षक हातातलं घड्याळ काढून ठेवतात आणि स्टाफसमोर तिच्या थोबाडीत मारत सुटतात. ते घड्याळ काढणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणजे या माणसाचा तोल गेलेला नाहीये, तो मारायची तयारी करतोय. आणि मग सख्खी आई पैसे घेऊन शाळा सोडायच्या कागदावर सही करते, कारण काय तर म्हणे मुलीला शाळेत जुळवून घेता येत नाही. पोलीस झाले, शाळा झाली, आई झाली, आता राहिलं कोण?

बाऊ म्हणाल तर, त्यात मुलीला केस कुरळे करायच्या गरम मशीनने चटके देतात ते बघून मलाही वाटलं होतं की एवढं कोण करतं. पण 2006 मध्ये दक्षिण कोरियातल्या चोंगजू शहरात एका शाळकरी मुलीला वर्गातल्याच मुलींनी असंच भाजलं होतं, ती केस तिकडे सगळ्यांना माहितीये.

आता सूड शिकवण्याबद्दल. एकतर ही सिरीज मोठ्यांसाठीच आहे, तिकडेही अठराच्या खाली परवानगी नाही. आणि डोंग-उनची अख्खी तरुणाई यात जाते हो, दिवसा कारखान्यात राबायचं, अभ्यास करायचा, शिक्षिका व्हायचं, सगळं या एकाच गोष्टीसाठी, ना मैत्रिणी ना हौसमौज, हे बघून कुणाला वाटेल की आपणही असंच जगावं? छळणाऱ्यांची म्होरकी योन-जिन, तिची लहान मुलगी डोंग-उन शिकवते त्याच वर्गात असते, पण तिच्या केसालाही ती धक्का लावत नाही. शेवटी शेवटी वाईट लोक पटापट मरतात ते मलाही सोपं वाटलं, तेवढं मान्य.

पण कोरियात लोकांनी काय केलं ते बघा ना. मार्च 2023 मध्ये सिरीजचे उरलेले एपिसोड आले त्याच दिवसांत या सिरीजच्याच दिग्दर्शकावर, आन गिल-होवर, शाळेत असताना मारहाण केल्याचा आरोप झाला आणि त्याला माफी मागावी लागली. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत, चोंग सुन-शिन नावाच्या माणसाची तिकडच्या पोलिसांच्या राष्ट्रीय तपास विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली होती, मुलाने शाळेत केलेला छळ बाहेर आला आणि दुसऱ्याच दिवशी नेमणूक रद्द. एप्रिलमध्ये सरकारने जाहीर केलं की गंभीर प्रकरणात छळणाऱ्याची नोंद शाळा संपल्यावर 2 ऐवजी 4 वर्षं ठेवणार आणि 2026 पासून कॉलेजच्या ॲडमिशनमध्ये ती सगळीकडे धरणार. सगळं एका सिरीजमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण लोक सुरे घेऊन धावले नाहीत, जाब विचारायला लागले.

राहिलं माफ करणं. माफी मागितली कुणी? डोंग-उन योन-जिनला स्वतःहून गुन्हा कबूल करायला सांगते, संधी देते. त्यावर ती बाई काय म्हणते, तर तुझं आयुष्य माझ्या आधीपासूनच नरक होतं. समोर बसलेलीच्या अंगावरचे डाग तिला दिसतायत, आणि तरी हे उत्तर.