पिनरच्या मुलाची गोष्ट पुण्यात सांगताना

लंडनच्या वायव्येला, मेट्रोपॉलिटन रेल्वेमार्गावर, पिनर नावाचे एक शांत उपनगर आहे. शेजारच्या हॅरोमध्ये माझे बिऱ्हाड असल्यामुळे तेथून माझे नेहमी जाणे-येणे होते. एकमेकांना चिकटलेली जोडघरे, पुढे हिरवळीचा एवढासा तुकडा, आणि शेजाऱ्याला आपल्या घरातले काही कळू नये याची मध्यमवर्गाला सगळीकडे असते तेवढीच काळजी, असे ते गाव आहे. 25 मार्च 1947 रोजी तेथे जन्मलेला आणि आजी-आजोबांच्या साध्या सरकारी घरात वाढलेला रेजिनाल्ड ड्वाइट पुढे एल्टन जॉन या नावाने जगाला माहीत झाला. पिसांचे टोप, टिकल्या जडवलेले पोशाख, टाचा उंचावलेले बूट आणि दिव्यांनी चमकणारे चष्मे घालून पियानोवर अक्षरशः उड्या मारणारा हा पॉप गायक पिनरच्या त्या आळीतून निघाला, हे मला अजूनही गमतीचे वाटते.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला गेलो असताना भावाच्या घरी एका मराठी कलावंताच्या दारूवरून वाद पेटला. एका बाजूचे म्हणणे असे की कलाकाराची कला पाहावी, त्याच्या घरात डोकावू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ही सगळी परदेशी थेरे आहेत आणि ‘तुमच्या तिकडे’ ती चालवून घेतली जातात म्हणून ती इकडे येतात. ‘तिकडचा’ प्रतिनिधी या नात्याने मला उत्तर देणे भाग होते, आणि मी एल्टन जॉनचे नाव घेतले. तेव्हा नीट मांडता न आलेले आता सावकाश मांडतो.

पहिली गोष्ट अशी की ‘तिकडे’ काहीही सुखासुखी चालवून घेतले गेले नाही. अकराव्या वर्षी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या या मुलाने पॉप संगीताच्या वाटेला जाऊ नये, असे हवाई दलात अधिकारी असलेल्या त्याच्या वडिलांना वाटत असे. आपला एकही कार्यक्रम पाहायला ते आले नाहीत, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. 1967 मध्ये एका जाहिरातीच्या निमित्ताने बर्नी टॉपिन हा गीतकार त्याला भेटला, आणि 25 ऑगस्ट 1970 रोजी लॉस एंजेलिसच्या ट्रूबडोर या लहानशा सभागृहातील कार्यक्रमाने तो एका रात्रीत अमेरिकेला माहीत झाला. परंतु 1976 मध्ये एका मुलाखतीत त्याने आपण उभयलिंगी आकर्षण असलेले आहोत असे सांगितले, आणि त्यानंतरच्या काळात त्याच अमेरिकेत त्याच्या तबकड्यांचा खप घसरला. 1987 मध्ये ‘द सन’ या वृत्तपत्राने त्याच्याविषयी खोट्यानाट्या बातम्या छापल्या. तो न्यायालयात गेला, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्या वृत्तपत्राला दहा लाख पौंड मोजून पहिल्या पानावर माफी मागावी लागली. त्याच 1988 साली ब्रिटिश संसदेने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा पुरस्कार करण्यास मनाई करणारे कलम संमत केले होते, आणि इंग्लंडमध्ये ते 2003 पर्यंत कायद्यात राहिले. संस्कृती बुडते म्हणून छाती पिटणारे इंग्रज आपल्याकडच्या मंडळींपेक्षा काही निराळे बोलत नव्हते. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे आपले कलम 377 हेही याच इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घालून दिलेले, तेव्हा 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना त्यातून मुक्त केले, तेव्हा खरे तर एक परदेशी थेर संपले, असे म्हणायला हवे होते. भावाच्या घरी हे वाक्य मला वेळेवर सुचले नाही.

पण मला अधिक बोलायचे आहे ते पहिल्या, सभ्य बाजूविषयी, कारण मी स्वतः अनेक वर्षे त्याच बाजूला होतो. कलाकाराच्या घरात डोकावू नये, हे म्हणणे ऐकायला उदार वाटते, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आम्हाला काही सांगू नका’ एवढाच असतो.

ऑक्टोबर 1975 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर एल्टनने लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम केले. टिकल्यांनी चमकणारा बेसबॉलचा पोशाख घालून तो उभा होता आणि दररोज सुमारे पंचावन्न हजार माणसे समोर होती. त्याच्या लोकप्रियतेचे ते शिखर मानले जाते. त्याच्या काही दिवस आधी, घरी पाहुणे म्हणून आई आणि आजी आलेल्या असताना, त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. प्रेक्षागृहात यातले कोणाला काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्याचे कौतुकच झाले असते, असा माझा संशय आहे.

हा संशय मला आपल्याच नाट्यपरंपरेमुळे येतो. 1911 मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी लहानग्या मुलीचा मृत्यू झालेला असतानाही बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या भारावून सांगत आलो आहोत. ‘मायबाप’ प्रेक्षकांवरची निष्ठा म्हणून ती सांगितली जाते. त्या रात्री रंग पुसल्यावर त्या बावीस वर्षांच्या बापाचे काय झाले असेल, हे मला लहानपणी कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. भरजरी शालू नेसलेल्या या पुरुषाकडे पाहून चांगल्या घरच्या बायका आपल्या साडीची तऱ्हा ठरवत, म्हणजे पुरुषाने नटणे-मुरडणे आपल्याला मुळीच परके नव्हते. आपले अडले ते पुढे. नाटक मंडळी कर्जात बुडाली, गायिका गोहरबाई बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या, तेव्हा याच मायबापांनी नाके मुरडली. वेशभूषेला आपण टाळ्या देतो, पण वेश उतरवल्यानंतरच्या माणसाशी काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही, आणि या बाबतीत पिनर व पुणे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

एल्टनच्या बाबतीत फरक पडला तो 1990 मध्ये. इंडियानातील रायन व्हाइट या मुलाला हिमोफिलियावरील उपचारात दूषित रक्तघटकांतून एचआयव्हीची लागण झाली होती आणि त्यापायी त्याला शाळेने दूर ठेवले होते. एल्टन त्या कुटुंबाचा मित्र झाला. एप्रिल 1990 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, रायन गेला तेव्हा तो त्याच्या उशाशी होता आणि त्याच्या अंत्यविधीत गायला. हा शोक सावरणाऱ्या त्या साध्या कुटुंबाकडे पाहून आपल्या जगण्याची लाज वाटली, असे त्याने पुढे वेळोवेळी सांगितले आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये कोकेन, दारू आणि खाऊन ओकण्याचा विकार या तिन्हींवर एकत्र उपचार घेण्यासाठी तो शिकागोजवळच्या एका रुग्णालयात दाखल झाला. तेव्हापासून तो व्यसनमुक्त आहे. 1992 मध्ये त्याने एड्सविरोधी कामासाठी संस्था काढली, आणि 21 डिसेंबर 2005 रोजी, इंग्लंडमध्ये समलिंगी जोडप्यांना नागरी जोडीदारी नोंदवता आली त्या पहिल्याच दिवशी, डेव्हिड फर्निशबरोबरचे आपले नाते विंडसरच्या गिल्डहॉलमध्ये नोंदवले. त्याच वर्षी त्याच इमारतीत तेव्हाच्या युवराजांचे दुसरे लग्न लागले होते!

मदत मागायला मात्र परदेशात यावे लागते, असे कोणी समजू नये. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते 1986 मध्ये, म्हणजे एल्टन शिकागोला जाण्याच्या चार वर्षे आधी. तेव्हा उपचाराची सोय आपल्याकडे नव्हती, असे म्हणता येत नाही. त्या दारात जाताना नातेवाइकांना काय सांगायचे, हा प्रश्न तेवढा राहतो.

इथल्या मोकळेपणाचेही मला सगळेच आवडते असे नाही. कबुलीजबाबाचा येथे चांगलाच बाजार आहे. आत्मचरित्र, मुलाखत, चित्रपट अशी दुःखाची रांगेने विक्री होते, आणि एल्टननेही ती केली आहे. शिवाय उत्तम रुग्णालय आणि उत्तम वकील त्याला परवडत होते. हॅरोतल्या एखाद्या टॅक्सीचालकाला समुपदेशनासाठी ताटकळावे लागते. हे सगळे मान्य करूनही, वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ज्याला नकोसे मानले ते बोलणेच त्याला वाचवून गेले, यावर मी ठाम आहे.

डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या एका नाट्यगृहात, आपणच संगीत दिलेल्या नाटकाच्या खास प्रयोगानंतर, एल्टनने रंगमंचावरून सांगून टाकले की दृष्टी गेल्यामुळे आपल्याला हा प्रयोग पाहता आला नाही, पण ऐकायला मजा आली. ही बातमी मी आईला फोनवर सांगितली. तिला वाईट वाटले, आणि मग ती म्हणाली, “पण असं चारचौघांत सांगायचं कशाला?” तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सोसायटीत ती गावाला गेली आहे असे सांगितले होते, आणि ते सांगणारा मीच होतो.